फरशी चकचकीत, बाकी रामभरोसे

म्हापशात दातांचा नवा दवाखाना थाटणार असाल, तर आधी फरशीकडे लक्ष द्यावे. चपला बाहेर काढून आत येणाऱ्या रुग्णाची नजर खालीच असते. फरशीत त्याला स्वतःचा सुजलेला गाल दिसला, की आपल्या तोंडात काय काय जाणार आहे, याची चौकशी तो करीत नाही.

हत्यारे वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह मात्र घ्यावाच, आणि तो बाहेरच्या बाकावरून दिसेल असा मांडावा. हत्यारांना १२१ अंश सेल्सिअसवर दाबाखालची वाफ निदान १५ मिनिटे द्यावी लागते, हे कॉलेजात ठीक आहे. पण शुक्रवारच्या बाजाराला आलेले सात जण गाल धरून बसलेले, दात कोरायचे हँडपीस दोनच आणि पावसात वीज गेली की सगळे पुन्हा पहिल्यापासून, अशा वेळी स्पिरिटचा बोळा फिरवून मोकळे व्हावे. हँडपीसच्या आतल्या बारीक नळ्यांत मागच्या रुग्णाची लाळ आणि रक्त ओढले जाते, तिथवर बोळा पोचत नाही हे खरे. पण तिथवर रुग्णाची नजर तरी कुठे पोचते? हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान ७ दिवस तग धरतो, म्हणजे पुढच्या बाजारापर्यंत त्याची चिंता नको.

हातमोज्यांचा एक जोड सकाळी चढवावा आणि त्याच हातांनी दाढ तपासावी, फोन घ्यावा, खण उघडावा, सुटे पैसे परत करावेत. सोमवारी खुर्चीच्या नळीतले रविवारभर तुंबलेले पाणी आधी सोडून देण्याची उधळपट्टीही करू नये. पहिल्या रुग्णाला तेवढीच बुळबुळीत चव.

वापरलेल्या सुयांसाठी २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत सुईने न भोसकला जाणारा पांढरा डबा सांगितला आहे, पण साधी काळी पिशवी स्वस्त पडते. ती उचलताना झाडलोट करणाऱ्या मावशींना सुई टोचलीच, तर पट्टी द्यावी आणि ‘बघून काम करा’ असे प्रेमाने सांगावे. त्यांना हिपॅटायटिसची लस टोचली, तर उद्या त्या पगारवाढही मागतील.

दसऱ्याला मात्र ऑटोक्लेव्हला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घालावी. फक्त त्याआधी झाकण उघडून आत ठेवलेला बिस्किटांचा पुडा काढून घ्यावा.