भाऊसाहेब, तुमच्याच सहीवर सही करा

डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

आईच्या नावावरचं पीककर्ज नवं-जुनं करायचं होतं. बँकेला सातबारा हवा. म्हटलं, आता कसली चिंता! १५ रुपये भरले, डिजिटल सहीचा उतारा पाच मिनिटांत उतरवला. त्यावर छापलेलंच असतं की सही-शिक्क्याची गरज नाही. तालुक्याच्या शाखेतल्या साहेबांनी प्रिंट उलटीपालटी केली आणि विचारलं, "शिक्का कुठाय?"

"साहेब, डिजिटल सही आहे. क्यूआर कोड स्कॅन करून बघा."

"ते आमच्याकडं नसतं. तलाठ्याचा शिक्का मारून आणा."

"मग मूळ फाइल मेल करतो."

"मेलबिल चालत नाही. कागद पाहिजे."

अहो, कागदावर आली की ती सही मेली! तलाठ्याकडे पेनड्राईव्हसारखं डोंगल असतं. त्यात त्याची खाजगी किल्ली असते, ती तिथून बाहेर पडत नाही. सही होते तेव्हा अख्ख्या उताऱ्यातून एक गणिती ठसा निघतो आणि त्यावर या किल्लीची मोहोर बसते. पुढे कोणी ०.४० हेक्टरचं १.४० केलं, की ठसा जुळत नाही, फाइल स्वतःच बोंब मारते. किल्ली नक्की कोणाची, हे सांगायला प्रमाणपत्र. ते देणाऱ्या संस्थेला परवाना देतो दिल्लीतला प्रमाणन प्राधिकारी नियंत्रक, आणि त्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर सहीही त्याचीच. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ५ या सहीला हाताच्या सहीइतकाच मान देतं. हे सगळं फाइलमध्ये. प्रिंटवर उरतं नुसतं चित्र. पडताळणी क्रमांक आणि क्यूआर तेवढे कागदावरही जिवंत असतात, पण ते बघायला कोणाला तरी बोट हलवावं लागतं. म्हणजे जे तपासता येतं ते यांना नको, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात शंभर-दीडशे रुपयांत बनणारा रबरी शिक्का मात्र हवा.

बरं, ही यंत्रणा धुतल्या तांदळाची आहे असंही नाही. माझ्याच संगणकावर फाइल उघडली तर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह! नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र माझ्या संगणकाच्या विश्वासू यादीत नव्हतं, ते मीच शोधून 'यावर विश्वास ठेव' असं सांगायचं. शेतकऱ्यानं हे कधी करायचं, पाणी धरून झाल्यावर रात्री? २०१४ मध्ये तर एनआयसीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्याच संगणक संस्थेच्या, यंत्रणेतून गूगल आणि याहूच्या नावानं बोगस प्रमाणपत्रं बाहेर पडली होती. पण ती पकडली गेली आणि रद्द झाली. चोरीला गेलेला शिक्का कसा रद्द करणार, सांगा.

मग काय, अर्ध्या दिवसाची रजा टाकून गावी. तलाठी भाऊसाहेब मंगळवारी आणि गुरुवारी बसतात असं कळलं होतं, गेलो तर त्या गुरुवारी तहसीलला मीटिंग. पुन्हा मंगळवारी गेलो. भाऊसाहेबांनी कागद पाहिला आणि माझ्याकडे बघितलं.

"अहो, ही माझीच सही आहे की!"

"हो. तिच्यावर सही करा."

"आम्हाला वरून सांगतात, हातानं सह्या देऊ नका. बँकवाले म्हणतात द्या. मी कुणाचं ऐकू?"

माणूस वाईट नाही. त्यानं खरंच डोक्याला हात लावला. मग कपाटातून शाईचा पॅड काढला, वाळलेला. त्यावर तांब्यातलं थोडं पाणी शिंपडलं, शिक्का दोनदा चोळला आणि हाणला. बॉलपेननं एक वेलांटी ओढली. नाव वाचता येईना, सजा वाचता येईना, जांभळा डाग तेवढा दिसत होता. तारीखही राहिली.

दुसऱ्या दिवशी तो कागद काउंटरवर ठेवला. साहेबांनी डाग बघितला, वाचलाही नाही. "हां, आता कसं!" म्हणाले आणि पंच मारून फाइलला लावला. पंचाचं एक भोक बरोबर क्यूआर कोडातून गेलं.