‘मराठी माणसाला धंदा जमत नाही’ : एका फॉरवर्डला उत्तर

महाराष्ट्र दिन जवळ आला की एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच. धंदा रक्तात असावा लागतो. मराठी माणूस जोखीम घेत नाही. भांडवल नाही ही सबब आहे, धीरूभाईंकडे तरी काय होतं? आणि एक मराठी माणूस वर चढू लागला की दुसरा त्याचे पाय ओढतो. शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. मला पटलेलं नाही.

रक्तापासून सुरुवात करू. सांगली जिल्ह्यातला खानापूर-आटपाडी हा पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ पाहिलेला पट्टा. माणसं बहुतेक शेतकरी, व्यापारी जातीतली नव्हेत. पण केरळापासून कोलकात्यापर्यंत कुठल्याही सराफ बाजारात जा आणि जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून देणाऱ्याचं गाव विचारा. उत्तर विटा, खानापूर, आटपाडी किंवा त्याच्या आसपासचं येण्याची शक्यता फार मोठी. हा गलाईचा धंदा. पाऊस नाही म्हणून कोणीतरी पहिला बाहेर पडला, त्याने मागाहून भाच्याला नेलं, मेहुण्याला नेलं, शेजारच्या पोराला नेलं. पोरगं दुकानातच राहतं, तिथेच जेवतं, भट्टी सांभाळायला, तेजाब हाताळायला, कस ओळखायला शिकतं. हात बसला की दुसऱ्या गावात स्वतःचं दुकान टाकतं, आणि पहिल्या ओळखी बहुधा जुन्या मालकाच्याच असतात. अनोळखी मुलखात सराफ सोनं हातात ठेवतो ते तोंड बघून नव्हे. या माणसाची सगळी सोयरीक याच धंद्यात आहे, गडबड केली तर गावी तोंड दाखवायला जागा उरणार नाही, हे त्याला माहीत असतं. कागदावर न लिहिलेलं हे तारणच.

मारवाड्यांनी कोलकात्यात वेगळं काय केलं? नव्याने आलेल्या पोरासाठी जातभाईंचा ‘बासा’, म्हणजे स्वस्तात राहण्या-जेवण्याची सोय. मग कुणाच्या तरी गादीवर उमेदवारी, हिशेब शिकणं, आणि पुढे त्याच ओळखीवर उधारीत माल. यातले बरेच जण राजस्थानातल्या ज्या शेखावाटीतून आले, तिथेही पाऊस बेताचाच. कारणं सारखी जुळली तेव्हा राजस्थानचा बनिया आणि माणदेशाकडचा मराठा शेतकरी एकाच रीतीने व्यापारी झाले. विट्याच्या माणसाचं रक्त नेमकं कुठल्या साली बदललं, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.

आता जोखीम. पावसाच्या भरवशावर दर जूनमध्ये उसनं बियाणं मातीत टाकणाऱ्याला जोखीम कळत नाही असं म्हणायला शहरातला पंखा आणि महिन्याचा पगार लागतो. प्रश्न जोखीम घेण्याचा नाहीच. आपटल्यावर कोण धरतं, हा आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण या मेसेजमध्येही कधी कधी असतं, ‘अपवाद’ म्हणून. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. बढतीत डावललं गेल्यावर नोकरी सोडून बेळगावला आले, भावाबरोबर सायकलचं दुकान चालवलं, मग कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष उतरतं असं शेतकरी म्हणत, त्यामुळे नांगर खपायला वेळ लागला. इथवरची गोष्ट जिद्दीची म्हणून सांगतात. पुढचा भाग गाळला जातो. बेळगाव नगरपालिकेने विस्तारासाठी त्यांच्या कारखान्याची जागाच घेतली. बरीच शहाणी माणसं इथे थांबली असती. तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले, आपल्या संस्थानात कुंडलजवळ माळरान आणि कर्ज दिलं, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्याच चिमुकल्या औंध संस्थानात 1916 मध्ये ओगल्यांचा काचकारखाना सुरू झाला. इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्यामागेही जहागीरदार नारायणराव घोरपड्यांचा आधार होता. औंध आणि इचलकरंजीतलं मराठी रक्त काही वेगळं नव्हतं. फरक होता तो जागा, परवाना आणि पैसा देणाऱ्या सत्तेचा. शेजारच्या ब्रिटिश कलेक्टरला काचेच्या कंदिलांत एवढा रस कशाला असेल?

हेच गणित आजच्या सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोराला लावा. धंदा बुडाला तर त्याचं सात-बारावरचं कर्ज वाढणार, बहिणीचं लग्न लांबणार, आणि दुसरी संधी द्यायला मामाची पेढी नाही. तो भित्रा नाही, त्याने हिशेब केला आहे.

‘धीरूभाईंकडे काय होतं?’ ठीक, बघू. चोरवाडच्या शिक्षकाचा हा मुलगा आधी एडनला गेला आणि ए. बेस अँड कंपनीत वर्षानुवर्षं नोकरी केली. होय, नोकरीच. व्यापार तिथे शिकले. 1958 मध्ये परत आल्यावर मुंबईत चंपकलाल दमाणी या नातलगाबरोबर भागीदारी केली आणि सुताच्या बाजारात शिरले. ज्या बाजारात आपली भाषा बोलणारे, आपल्याला उधार देणारे लोक आधीच बसलेत, तिथे शिरणं म्हणजे शून्यातून सुरुवात नव्हे. त्यांची हुशारी यामुळे उणी होत नाही, पण ‘काहीच नव्हतं’ हे खोटं ठरतं.

मोठ्या उद्योगघराण्यांत मराठी नावं कमी आहेत, हे मात्र खरं आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः चीनला जाणाऱ्या अफूच्या आणि कापसाच्या व्यापारातल्या पैशावर. त्या व्यापारात पारशी, भाटिया, बोहरी, गुजराती बनिये आधीपासून होते. मराठी माणसांत पैसेवाले नव्हते असं नाही. पहिल्या बाजीरावाला कर्ज देणारे धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी कोण होते? पण देशावरच्या सावकारीचं मोठं कूळ, म्हणजे कर्ज घेणारं गिऱ्हाईक, होतं दरबार आणि फौज. 1818 मध्ये पेशवाई गेली आणि ते कूळच बुडालं. बंदराशी नातं असलेले नाना शंकरशेट मात्र त्याच शतकात मुंबईची पहिली रेल्वे सुरू करणाऱ्या जीआयपी कंपनीच्या संचालकांत दिसतात. जो जिथे उभा होता, तिथला पैसा त्याला मिळाला.

आणि मराठी माणसाने भांडवल उभं केलं तेव्हा ते मोजलं जात नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला, पहिला गळीत हंगाम 1950 चा. पुढे असे किती सहकारी कारखाने राजकारणाने खाल्ले तो वेगळा लेख होईल. पण शेठ नाही म्हणून तो उद्योगच नाही?

उरली पाय ओढण्याची, म्हणजे वर चढणाऱ्याला खाली खेचणाऱ्या खेकड्यांची गोष्ट. ती दोन ओळींत आटपतो. टोपलीला झाकण न लागणारे हेच खेकडे फिलिपिन्समध्ये फिलिपिनो असतात. आपल्या लोकांवर वैतागलेल्या कुणालाही ती गोष्ट आपलीच वाटते.

मेसेजमध्ये न येणारी एक गोष्ट राहिली. ‘मराठी माणूस’ असा एकच माणूस नाही. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीने चहाचं हॉटेल काढलं. चहा चांगला होता की नाही हा प्रश्नच आला नाही, कारण अस्पृश्याच्या हातचा म्हणून सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. कांबळ्यांकडे धाडस होतं, कौशल्य होतं, थोडं भांडवलही होतं. नव्हतं ते गिऱ्हाईक. पुण्यात 2005 मध्ये मिलिंद कांबळे यांनी दलित उद्योजकांचं चेंबर, म्हणजे डिक्की, स्थापन केलं. 2012 च्या केंद्रीय खरेदी धोरणात सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योजकांकडून करावी असं ठरलं, तेही याच अडचणीवर. पहिली ऑर्डर देणारं कोणी नसेल, तर घरात कितीही पिढ्यांचं धाडस असून दुकानाचं शटर सहा महिन्यांत खाली येतं.