भिंतीचे १८६ फोटो

वस्तू आधी पारखावी आणि मग पैसे मोजावेत, हे मला कळतं. भेंडीचं टोक मी मोडून बघतो, नारळ कानाशी धरून हलवतो. पण जुना कॅमेरा बघायला डोंबिवलीच्या त्या काकांकडे गेलो आणि सोफ्यावर टेकतोय तोच काकूंनी उपमा आणला. वर ओलं खोबरं, बाजूला लिंबाची फोड. आता ज्यांच्या घरचा उपमा खाल्ला, त्यांच्याच लेन्समध्ये टॉर्च मारून बघायचं? माझ्याच्याने झालं नाही. कॅमेरा हातात घेतला, वजनाचा अंदाज घेतल्यासारखं केलं, दोनदा 'वा' म्हणालो आणि साडेनऊ हजार मोजून दिले.

निकॉन डी ९०, सोबत १८-१०५ची लेन्स. हा २००८ साली बाजारात आला तेव्हा व्हिडिओ काढणारा जगातला पहिला डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा) होता. त्या वेळी मी दुकानाच्या काचेबाहेरून बघून त्याचा नाद सोडला होता. काका म्हणाले, "एक डाग दाखवा, फुकट देतो! आणि वापरलाय कुठे फारसा? हे बघा." शेवटच्या फोटोचा नंबर होता डीएससी ०४१२. "चारशे बारा. नातवापलीकडे काही काढलंच नाही."

मग घरी येऊन पारख सुरू केली. जी पंधरा मिनिटांत उरकायची ती तीन आठवडे चालली.

पहिला झटका आकड्याने दिला. निकॉनच्या प्रत्येक फोटोच्या पोटात, शटर आजवर किती वेळा उडालंय त्याची नोंद असते. मी एक फोटो काढला, लॅपटॉपवर उघडून बघितला. ४०,४०९. फोटोचा नंबर ९९९९ झाला की पुन्हा ०००१ पासून सुरू होतो, जुन्या स्कूटरच्या काट्यासारखा. चार फेऱ्यांचे ३९,९९६ आणि वर काकांचे ४१२, मिळून ४०,४०८, आणि एक माझा. हिशोब पैशापर्यंत जुळला. काका बँकेतून निवृत्त झाले होते, म्हणजे जुळणारच. या शटरची चाचणी कंपनीने १,००,००० वेळा उडवून केलेली, त्यामुळे तशी काळजी नव्हती. पण एका नातवाचे चाळीस हजार फोटो? तो पोरगा रांगताना एकदा तरी फ्लॅशशिवाय वळला असेल का?

दुसरी परीक्षा सेन्सरवरच्या, म्हणजे आत चित्र टिपणाऱ्या पट्टीवरच्या धुळीची. एफ २२ लावायचं, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करायचं, आणि कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा. आमच्या घरात कोरी पांढरी भिंत नाही हे मला लग्नाच्या अठराव्या वर्षी समजलं. एकीवर कॅलेंडर, एकीवर देव, तिसरीवर मुलाने पहिलीत असताना काढलेला हत्ती. शेवटी हॉलमधलं कपाट एक हात सरकवलं. मागे भिंत पांढरी होती आणि दोन पालीही होत्या.

"अहो, कपाटाचा फोटो काढायचा तर पुढून काढा ना," बायको म्हणाली.

"भिंतीचा काढतोय."

तिने पुढे काही विचारलं नाही. अठरा वर्षांत तीही बरंच काही शिकली आहे.

फोटोत वर डाव्या कोपऱ्यात एक करडा ठिपका आला. सेन्सरवर चित्र उलटं पडतं, म्हणून फोटोत वर दिसणारी धूळ खरं तर खाली बसलेली असते. हे वाचून मी रबरी फुग्याने खालच्या बाजूला हवा मारली. (तोंडाने फुंकर मारायची नसते. थुंकी उडते.) पुन्हा भिंत, पुन्हा ठिपका. कॅमेरा उलटा धरून हवा मारली. पुन्हा भिंत. ठिपका जागचा हलला नाही, पाली मात्र गेल्या.

मग लेन्सवर टोपी ठेवून तीस सेकंदांचा अंधाराचा फोटो, सेन्सरवर बिघडलेले टिंब आहेत का ते बघायला. एक लाल आणि एक निळं निघालं. मग दारावर वर्तमानपत्र चिकटवून फोकसची परीक्षा, त्यात चारही कोपऱ्यांतल्या छोट्या जाहिराती मी तोंडपाठ केल्या. "बारा मेगापिक्सेल?" मुलगा म्हणाला. "बाबा, आईच्या मोबाईलला पन्नास आहेत." त्याला मी अभ्यासाला बसवलं.

खरं दुःख टॉर्चमध्ये होतं. लेन्स काढून एका बाजूने उजेड टाकला, तर आतल्या काचेच्या कडेला कोळिष्टकासारख्या बारीक पांढऱ्या फांद्या. फंगस! म्हणजे नातू मोठा झाल्यावर कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये, कपाटात, बंद. चाळीस हजार फोटोंनी त्याचं काही बिघडवलं नव्हतं, बिघडवलं ते न वापरण्याने. डोंबिवलीचे पाच-सहा पावसाळे अंधारात बसून काढल्यावर काचेलाच काय, माणसालाही बुरशी येईल.

रजा टाकून फोर्टला गेलो. बोरा बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याने लेन्स दिव्यापुढे एकदा फिरवली. तीन आठवड्यांचं माझं काम त्याने चार सेकंदांत केलं. "कडेला आहे साहेब. फोटोत येणार नाही. उघडायची गरज नाही, दमट जागेत ठेवू नका फक्त." आणि पैसेही घेतले नाहीत, त्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवावा की नाही हेच कळेना.

दमट नसलेली जागा ठाण्यात जुलैमध्ये कुठून आणायची? त्यासाठी विजेवर चालणारं खास कपाट मिळतं, आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारं. त्याची किंमत बघितली आणि चकलीचा हवाबंद डबा उचलला. आत सिलिका जेलच्या पुड्या, निळ्या दाण्यांच्या. ओल शोषली की ते दाणे गुलाबी होतात, मग गरम करून परत निळे करायचे. रोज सकाळी मी डबा उघडून रंग बघतो. बायको म्हणते, चकल्यांची एवढी काळजी कधी घेतली नाहीत.

परवा काकांचा फोन आला. "काय, चालतोय ना नीट? एखादा फोटो पाठवा की, बघू दे."

फोन ठेवून मी कार्ड चाळलं. तीन आठवडे, १८६ फोटो. शटर ४०,५९४. त्यात भिंत होती, अंधार होता, वर्तमानपत्र होतं, भिंत होती. माणूस एकही नव्हता. त्यातल्या त्यात बरी म्हणून, पाल कडेला आलेली एक भिंत पाठवून दिली.

दहा मिनिटांनी काकांचं उत्तर आलं: "छान. वर डावीकडे तो ठिपका अजून आहे का! नातू लहानपणी त्याला चांदोबा म्हणायचा."