रात्रीच्या आधणात आई चहाची पूड टाकत नसे

आज संध्याकाळी भाची हिंजवडीहून घरी आली ती एक देखणा डबा घेऊन. तिच्या कंपनीने मानसिक आरोग्याचा उपक्रम म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांना ताण घालवणारा चहा वाटला आहे. गेले दोन महिने या मुलीला रात्री तीन वाजता जाग येते, छातीत धडधडते आणि सकाळी लॅपटॉप उघडताना हात गार पडतात. तिने मोठा धीर करून हे आपल्या वरिष्ठांच्या कानावर घातले होते. त्यानंतरही तिचे काम हलके झाले नाही, रात्री साडेदहाच्या बैठका तशाच चालू राहिल्या, आणि आज हा डबा मिळाला. मी चष्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, आणि त्यात पहिले नाव ग्रीन टीचे होते; मग तुळस, अश्वगंधा, ज्येष्ठमध आणि अगदी शेवटी कॅमोमाइल नावाची फुले. पुढच्या बाजूला मात्र ‘झोपण्यापूर्वी एक कप’ असे ठळक लिहिलेले आहे. ते वाचल्यापासून माझा संताप आवरत नाही, म्हणून लिहायला बसले.

माझ्या वाट्याला असे दिवस २०१८ मध्ये आले होते. तेव्हा ज्याला त्याला एकच सल्ला सुचत होता, की दुधाचा चहा सोड आणि ग्रीन टी घे, मन शांत होते. मी तो इतका मनापासून पाळला की दिवसाला पाच-सहा कप पिऊ लागले आणि शेवटचा कप रात्री दहाला घेऊ लागले. ग्रीन टी म्हणजे आपल्या नेहमीच्या चहाच्याच झुडपाची पाने आहेत, फक्त ती काळी पडू न देता वाळवलेली असतात आणि त्यांच्यात झोप उडवणारे, धडधड वाढवणारे कॅफीन असते, हे मला कोणी सांगितले नव्हते. एका कपात साधारण तीस मिलिग्रॅम, म्हणजे कॉफीच्या तिसऱ्या हिश्शाइतके. पण सहा कपांचा हिशेब केला की दोन कप कॉफी होते, आणि घेतलेल्यातले निम्मे कॅफीन पाच तासांनीही अंगात शिल्लक असते. माझी धडधड वाढत गेली आणि धडधड वाढली म्हणून मी आणखी एक कप करून घेत गेले.

त्या सुमारास आई वाईहून राहायला आली. येताना तिने परसातल्या न्हाणीच्या पाण्यावर वाढलेला गवती चहा ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता. पहिल्याच रात्री तिने त्याच्या पात्यांची गाठ मारून ती पातेल्यात टाकली, आल्याचा तुकडा ठेचून घातला, आणि मी चहाच्या डब्याकडे हात नेला तेव्हा म्हणाली, “रात्री पूड नको गं, डोळा लागत नाही.” चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईला जे ठाऊक होते, ते एवढा सुंदर डबा छापणाऱ्यांना ठाऊक नसावे?

ग्रीन टीमध्ये थिअनिन नावाचे मन निवांत करणारे द्रव्य असते, हे मला मान्य आहे. पण प्रयोगांत ते बहुधा दोनशे मिलिग्रॅमच्या मात्रेत देतात, आणि आपल्या कपात त्याचा लहानसा अंश उतरतो. कॅमोमाइलचेही तसेच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००९ मध्ये चिंताविकाराच्या सत्तावन्न रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि गुण दिसला, तो मोजून भरलेल्या अर्काच्या कॅप्सूलचा होता. चहाच्या पुडीत चिमूटभर फुले घालून त्या चाचणीचे पुण्य पदरात पाडून घेता येत नाही.

आणि ‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना’ हे वाक्य मला आता ऐकवत नाही. भाची थायरॉइडची गोळी घेते. अश्वगंधेमुळे थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते, आणि ते जास्त झाले की धडधड होते, हात थरथरतात, झोप उडते. म्हणजे ज्या त्रासासाठी डबा दिला, तोच त्रास वाढण्याची शक्यता. ज्येष्ठमध रोज पोटात गेला तर रक्तदाब चढू शकतो. शेकडो लोकांना एकच डबा वाटताना यांपैकी कोण कोणती गोळी घेते, हे विचारण्याची गरज एकालाही वाटली नाही.

लिहिता लिहिता राग जरा निवला आहे. मला पुन्हा आईच आठवते आहे. ती पेला माझ्या हातात देऊन निघून जात नसे. समोरच्या खुर्चीवर बसून गहू निवडत राही, काही विचारत नसे, आणि अर्ध्या तासाने मीच बोलू लागत असे. गवती चहाने मला बरे वाटत होते यात शंका नाही. त्याचा तो वास आजही आला की माझे खांदे सैल पडतात. पण आठवडाभर हे सगळे पाहिल्यावर त्याच आईने म्हटले, “हे काही काढ्याने भागायचं नाही. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर.” तिने काढ्याला कधी औषध म्हटले नाही आणि औषधाची कधी लाज वाटू दिली नाही.

डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “दिवसभरात काय काय पिता?” तोवर मला हे कोणीही विचारले नव्हते. ग्रीन टी त्याच दिवशी बंद झाला, मात्र त्याने सगळे मिटले असे म्हणता येणार नाही. पुढे आठ महिने गोळ्या चालल्या, समुपदेशन चालले, आणि मग मी सावरले.

ज्यांना आज रात्री असे होते आहे आणि डॉक्टरांपर्यंत जायला धीर होत नाही, त्यांनी निदान टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. ही सरकारी सेवा २०२२ पासून आहे, मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

भाचीला मी शनिवारी अकराची वेळ घेऊन दिली आहे आणि मी तिच्याबरोबर जाणार आहे. गच्चीतल्या कुंडीतून चार पाती काढून आत्ताच आधण ठेवले आहे. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी आहे आणि बऱ्याच दिवसांनी स्वतःहून काही सांगू लागली आहे, म्हणून फोन बाजूला ठेवते.