नखाएवढ्या सालीपायी तेवीस दिवस

निलगिरीचं पान चुरगाळून गोव्यातल्या कुठल्याही शाळकरी पोराच्या नाकाशी धरा, डोळे मिटून नाव सांगेल. माझ्या कंटेनरमधलं लाकूड निलगिरीच आहे की आणखी काही, हे ठरवायला मात्र कस्टम्सला तेवीस दिवस लागले. त्या तेवीस दिवसांचं भाडं कोणी भरलं? मी आणि माझ्यासारख्या आणखी दोन मूर्खांनी.

फोंड्यात माझं प्लायवूडचं दुकान आहे. इतकी वर्षं मुंबईच्या व्यापाऱ्याकडून माल उचलायचो, दोन पैसे त्याला, एक मला. यंदा शहाणपणा सुचला आणि तिघा दुकानदारांनी मिळून थेट बाहेरून एक कंटेनर मागवला. अठरा एमएम, आठ बाय चारच्या शीट, आतून-बाहेरून सगळी निलगिरी. कारखान्याकडे आयएसआयचा परवाना, शीटवर शिक्का, कागदपत्रं चोख. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी महिनाभर माल हातात आला की पुरे होतं. चवथ आली की गोव्यातल्या प्रत्येक घराला नवी कपाटं हवी असतात, आणि गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधायच्या आदल्या दिवशीपर्यंत मिस्त्री माझ्या दुकानाच्या पायरीवर बसलेला असतो.

आता ऐका गंमत. टॅरिफमध्ये, म्हणजे कुठल्या मालाला कुठला कोड नि किती शुल्क याच्या सरकारी यादीत, प्लायवूडचा मथळा ४४१२. इथवर कोणाचं भांडण नाही. फाटे पुढे फुटतात. बाहेरच्या दोन थरांपैकी एक जरी उष्णकटिबंधीय लाकडाचा असला तर ४४१२ ३१. तसा नसेल, पण बर्च, ओक, बीच, अक्रोड, पॉप्लर अशा नावानिशी दिलेल्या यादीतला असेल तर ३३. यादीबाहेरच्या रुंदपानी झाडाचा असेल तर ३४. दोन्ही बाजू पाइनसारख्या सूचिपर्णी झाडाच्या असतील तर ३९. आणि ३३ च्या त्या यादीत, थंड मुलुखातल्या झाडांच्या पंगतीत, निलगिरीला पाट मांडून बसवलेलं आहे. चक्क नाव घेऊन! कस्टम्सचे कागद भरणाऱ्या आमच्या एजंटने म्हणूनच ३३ भरलं.

म्हणजे शीट अठरा एमएम जाड, पण तिचं गोत्र ठरतं सगळ्यात वरच्या सालीवरून. नखाने खरवडली तर सुटून यावी एवढी ती साल. आतल्या थरांचं लाकूड कुठलंही असो, या प्रश्नात त्यांना कोणी विचारत नाही.

पहिली क्वेरी आली. २०२० पासून फेसलेस आहे ना सगळं, त्यामुळे फाइल तपासणारा साहेब भलत्याच शहरात. त्याने माल पाहिलेला नाही, पाहिला तो यार्डातल्या पिवळ्या दिव्याखाली मोबाइलवर काढलेला फोटो. त्यावरून साहेबांचं मत पडलं की लाकूड तांबूस दिसतं, तेव्हा उष्णकटिबंधीय असावं. निलगिरी तांबूसच असते हो! कारखान्याचा दाखला पाठवला. चार दिवस शांतता. मग दुसरी क्वेरी, प्रत्येक थर ६ एमएमच्या आत आहे का? अकरा थर, अठरा एमएम. भागा. एक पूर्णांक सहा. माझी सातवीतली मुलगी कॅल्क्युलेटर न घेता सांगेल. याचंही उत्तर द्यायला तांत्रिक पत्रक, लेटरहेड, सही, शिक्का. आणि पुन्हा तीन दिवस.

बरं, हे सगळं कशासाठी? ३१ ला शुल्क किती? १० टक्के. ३३ ला? १० टक्के. त्या शुल्काच्या दहा टक्के अधिभार, म्हणजे झाले ११. माल आणि शुल्क मिळून जे होतं त्याच्यावर १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. शंभराच्या मालावर ३० रुपये ९८ पैसे, या कोडात घाला नाहीतर त्या कोडात. कुठल्या व्यापार कराराची सवलत आम्ही मागितली नव्हती, उलट पूर्ण पैसे भरायला पाकीट उघडून उभे होतो. सरकारचा एक पैसा बुडत नव्हता. बुडत होतो ते आम्ही!

एजंटला म्हटलं, अरे त्यांना ३१ हवं असेल तर ३१ कर, पण माल सोडव. तो म्हणाला, "पात्रांव, असं करू नका. उद्या लॅबचा रिपोर्ट निलगिरी आला तर चुकीचं घोषित केलं म्हणून माल जप्तीचं कलम १११ लावतील. मान्य केलं तरी गोत्यात, नाही केलं तरी गोत्यात." वर सल्ला, पुढच्या वेळी ॲडव्हान्स रुलिंग घ्या, म्हणजे माल मागवायच्या आधीच कोड ठरवून घ्या. फी १०,००० रुपये, निर्णयाला मुदत तीन महिन्यांची. म्हणजे पुढच्या चवथीच्या कपाटांसाठी होळीच्या शिगमोला अर्ज घालायचा!

सगळ्यात जास्त कशाने पेटलो ते सांगतो. बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे आयात मालाचं घोषणापत्र, भरायला आम्हाला उशीर झाला तर पहिले तीन दिवस दिवसाला ५,००० रुपये दंड, पुढे दिवसाला १०,०००. शुल्क भरायला उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. आणि त्यांना उशीर झाला तर? त्याचंही भाडं आमच्याच माथी. शिपिंग लाइनचे फुकटचे दिवस संपले की कंटेनरचं मीटर रिक्षापेक्षा जोरात पळतं, यार्डाचं जागाभाडं वेगळं. कस्टम्सने अडवलेल्या मालावर यार्डाने भाडं घेऊ नये असा नियम आहे म्हणे. विचारायला गेलो. काउंटरवरचा साहेब चष्म्यावरून बघत म्हणाला, "तुमचा माल अडवलेला नाही. फक्त सोडलेला नाही."

हे वाक्य फ्रेम करून दुकानात लावणार आहे, कोणी शीट उधार मागितली की दाखवायला.

शेवटी नमुना काढायचा ठरलं. भर पावसात कंटेनर उघडला. गठ्ठ्याच्या कोपऱ्यातून छोटा तुकडा काढतील असं मला वाटलं होतं. छे! सगळ्यात वरची, सगळ्यात चांगली शीट ओढली आणि मधोमध फूटभराचा चौकोन कापला. मी "कडेने घ्या हो, कडेने" म्हणेपर्यंत करवत चालूसुद्धा झाली होती. त्यानंतर दार नीट लागलं नाही. माल लॅबचं उत्तर यायची वाट बघत तसाच उभा, आणि आपला श्रावण काय असतो ते वास्कोच्या बाजूला राहणाऱ्याला सांगायला नको.

रिपोर्ट आला. एका ओळीचा. बाहेरचा थर निलगिरी. वर्गीकरण आम्ही भरलं होतं तेच, ४४१२ ३३. शुल्क आम्ही काढलं होतं तेवढंच, पैशाचा फरक नाही. देव बरें करूं त्यांचं! दिलगिरीचा शब्द नाही, कोणाची सहीसुद्धा नाही, फक्त पोर्टलवर हिरवी खूण.

माल फोंड्यात पोचला तेव्हा चवथीला पाच दिवस उरले होते. खालच्या सात शीटच्या कडा पापडासारख्या फुललेल्या. पेडण्याच्या मिस्त्रीला फोन केला तर म्हणाला, शेट, मी वाट बघून बघून म्हापशातून घेतलं, कपाटं लागलीसुद्धा.

ती चौकोन कापलेली शीट अजून दाराशी उभी आहे. काल एक गिऱ्हाईक त्या भोकातून आरपार बघून म्हणालं, सिंकसाठी आयतंच कापलंय की, किती कमी कराल?