आधी टाकलेला बोल्ट आधी लागत नाही

'मॅजिक: द गॅदरिंग' हा मंत्र अन् प्राण्यांच्या पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या आमच्या मराठवाड्यातल्या पोरांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरतोय. लातूरच्या होस्टेलात काय अन् नांदेडात काय, भांडण झालं की तोच दाखवतात. तीन वाक्यं आहेत: जो आधी टाकेल त्याचा मंत्र आधी लागतो. वार करणारा प्राणी मेला की वारही मेला. दोनपैकी एक टार्गेट गेलं की अख्खा मंत्र वाया.

पहिलं तर साफ उलटं आहे. १९९९ च्या सहाव्या आवृत्तीपासून या खेळात स्टॅक आहे, म्हणजे टाकलेले मंत्र लागायच्या आधी एकावर एक साठतात ती चळत. जणू भाकरीची दुरडी. आई भाजलेली भाकरी वर ठेवत जाते, जेवणारा वरचीच उचलतो. पहिली केलेली तळाशी राहते. समजा तुमच्या २/२ च्या (ताकद २, जीव २) 'ग्रिझली बेअर्स' या अस्वलावर मी 'लाइटनिंग बोल्ट' टाकला, ३ डॅमेजचा. तुम्ही त्यावर 'जायंट ग्रोथ' टाकली, टर्न संपेपर्यंत +३/+३ देणारी. ग्रोथ वर आहे, ती आधी सुटते, म्हणजे लागू होते. अस्वल ५/५ होतं अन् बोल्ट खाऊनही उभं राहतं. आता पत्ते तेच, पण तुम्ही आधी ग्रोथ टाकली आणि मी त्यावर बोल्ट. अस्वल मेलं, ग्रोथ कुणावर लागणार? शिवाय दोघांनी लागोपाठ पास म्हटलं की सगळ्यात वरचा एकच पत्ता सुटतो, मग पुन्हा दोघांना संधी. आमच्याकडं निम्मे लोक इथंच अख्खी दुरडी एकदम पालथी करतात.

यावर हमखास विचारतात, टर्न संपून ग्रोथ उतरली की ३ डॅमेज अंगावर असलेलं अस्वल मरणार ना? नाही मरत. क्लीनअपला, म्हणजे टर्नच्या शेवटच्या टप्प्यात, डॅमेज आणि ग्रोथ एकाच वेळी पुसले जातात.

दुसरं वाक्य. 'प्रॉडिगल सॉर्सरर' हा प्राणी टॅप करून (पत्ता आडवा करून) १ डॅमेज मारतो. तुम्ही त्यावर बोल्ट टाकून त्याला मारलात तरी तो १ डॅमेज लागणारच. गोफणीतून धोंडा सुटल्यावर माळ्यावरच्या राखणदाराला धरून काय उपयोग? (२००६ चा 'सडन शॉक' मात्र स्टॅकवर असेपर्यंत त्यावर दुसरा मंत्र टाकताच येत नाही. तिथं गप्प बसायचं.)

तिसरं अर्धवट खरं. 'इलेक्ट्रोलाइज'चे २ डॅमेज दोन प्राण्यांवर एकेक वाटले आणि त्यातला एक आधीच गेला, तर दुसऱ्याला त्याचा १ लागतो. गेलेल्याचा वाटा त्याच्याकडं वळत नाही, आणि मंत्र टाकणाऱ्याला एक पत्ता ओढायला मिळतो. दोन्ही गेले तरच मंत्र रद्द, अन् मग पत्ताही नाही. एवढ्यापुरतं मेसेजवाल्याचं मान्य.