डिस्क काळी दिसली म्हणजे मेली नाही

काल नागपूरच्या महाल भागात आईकडे गेलो तर दारात रांगोळी नाही, आई दिवाणावर पडून, कंबरेला पट्टा. काऊन म्हटलं तर मोबाइल पुढे केला. मावशीनं पाठवलेला मेसेज: एमआरआयमध्ये डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) काळी म्हणजे ती मेली, पाठीचं दुखणं तिचंच, वाकू नका, पडून राहा, पट्टा काढू नका, नाहीतर लकवा होईल. आईच्या रिपोर्टात 'एल४-एल५ डेसिकेशन, बल्ज' लिहून आहे (एल४-एल५ म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली डिस्क, बल्ज म्हणजे ती बाहेर फुगलेली), ती घाबरलीच.

काळी म्हणजे मेली हे कोणी सांगितलं बाप्पा? डिस्कच्या मधला गर पाणीदार असते, एमआरआयच्या ज्या फोटोत पाणी पांढरं दिसते त्यात वयानं पाणी कमी झालेली डिस्क काळपट दिसते. डेसिकेशन म्हणजे तेवढंच, सुकणं.

अन् दुखणं तिचंच कशावरून? २०१५ मध्ये अमेरिकन जर्नल ऑफ न्यूरोरेडिओलॉजीत ३३ अभ्यास एकत्र करून छापले, ३,११० माणसं, पाठ दुखत नसलेली. तरी विशीतल्याच ३७ टक्के लोकांची डिस्क झिजलेली. आई साठीची आहे, तर साठीच्या, काही न दुखणाऱ्या माणसांत झीज ८८ टक्के अन् बल्ज ६९ टक्के! मग यांना सगळ्यांना झोपवून ठेवायचं का?

हो, एक मान्य करावं लागते, पन्नाशीच्या आतल्यांत पाठ दुखणाऱ्यांमध्ये झीज जास्त सापडते, म्हणजे संबंधच नाही असंही नाही. पण नुसत्या फोटोवरून दुखणं तिथूनच आहे हे ठरत नाही.

सगळ्यात राग आला तो 'पडून राहा'चा. साध्या पाठदुखीत जमेल तसं हिंडत-फिरत राहा हाच सल्ला आहे, पडून राहिलं तर स्नायू ढिले पडतात. चार दिवस झोपून आई काल भिंत धरून उठली, आधी अशी उठत नव्हती ती. डॉक्टरनं रोज चालायला लिहून दिलेला कागद उशीखाली घडी करून ठेवलेला, अन् ऐकून राहिली मेसेजचं. पट्टाही आयुष्यभर लावायची गरज नसते.

लकव्याचं म्हणाल तर पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, बसायच्या जागी बधिरपणा, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आईला यातलं एकही नाही, तिलाच विचारलं मी.

संध्याकाळी पट्टा काढून तिला गांधीसागर तलावापर्यंत चालवून आणलं. मावशीला फोन आता लावतो.